फ्रीजमध्ये नसलेल्या दोन पिशव्या

रक्तपेढीच्या काउंटरवरच्या बाईंवर एक माणूस ओरडत होता आणि मागे उभ्या असलेल्या मला संताप येत होता. त्याचा नाही, आमच्याच कंपनीचा.

आमच्या जळगावच्या कंपनीने धुळ्यातल्या त्या रक्तपेढीला सॉफ्टवेअर दिलं होतं. ते शिकवायला मी तिथे गेले होते. माणूस नरडाण्याहून आला होता. बहिणीचं बाळंतपण, रक्तस्राव थांबेना. निघण्याआधी त्याने फोन केला, तेव्हा बाईंनी स्क्रीन पाहून सांगितलं, ओ निगेटिव्हच्या दोन पिशव्या आहेत. तो पोचल्यावर फ्रीज उघडला तर एकही नाही.

"ताई, तुम्हीच सांगं ना, दोन शेतस म्हणीसन! मन्ही बहीण तठे पडेल शे!"

पिशव्या सकाळीच रक्तपेढीच्याच दुसऱ्या इमारतीतल्या काउंटरवरून दुसऱ्या रुग्णाला गेल्या होत्या. नोंदही झाली होती. पण तिथला सर्व्हर वेगळा. इथल्या सर्व्हरने दोघांच्या सामाईक डेटाबेसला विचारलंच नाही. स्वतःच्या कॅशमध्ये जपून ठेवलेली जुनी प्रत दाखवली.

कारण आमच्या साहेबांनी डेटाबेसशी बोलणाऱ्या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या सांगाड्यात, सगळ्याच टेबलांची, म्हणजे नोंदींच्या तक्त्यांची, कॅश आपोआप चालू ठेवली होती. मी यावरून आधीच भांडले होते. "कॅशमध्ये गावांची यादी ठेवा, रक्तगट ठेवा, ते बदलत नाहीत. रक्ताचा साठा नको. आणि कोणी काही सांगितलं नसेल तर कॅश बंदच हवी." ते हसले होते. "डेमोत स्क्रीन झटकन उघडायला नको का?"

मी तिथूनच त्यांना फोन लावला.

"बाईंनी रिफ्रेश केलं नसेल."

"माझ्यासमोर पुन्हा पुन्हा केलं, सर! जुनंच दिसतंय!"

"बरं, तू आल्यावर बघू."

आल्यावर! मी फोन कापला आणि त्यांना न विचारता साठ्याची कॅश बंद करून टाकली. तोवर बाईंनी शहरातल्या दुसऱ्या रक्तपेढीत पिशवी शोधली होती. तो माणूस धावतच तिकडे गेला. बहीण वाचल्याचं दुसऱ्या दिवशी कळलं, पण माझा राग काही उतरला नाही.

जळगावला आल्यावर मी फ्रेमवर्कची मूळ सेटिंगच बदलली. कॅश बंद. ज्याला हवी त्याने त्या टेबलापुरती लिहून मागायची, प्रत किती वेळ चालेल तेही लिहायचं. साहेबांनी कुरकुरत मान्य केलं. बाईंना माफीचा एक फोन करा म्हटलं, तर म्हणाले, "त्याची काय गरज?"

मग मीच केला. त्या म्हणाल्या, "शिव्या मी खाल्ल्या, चूक तुझ्या साहेबांची, आणि माफी तू मागतेस?"