पाठराखीण

मुनेश्वर मॅडम प्रयोगशाळेत आल्या की आधी इन्क्युबेटरच्या दारावर हाताची मागची बाजू टेकवायच्या, तापलेल्या लेकराच्या कपाळावर टेकवावी तशी. मग पारा बघायच्या. "पाऱ्याले इचाराच्या आधी हाताले इचारावं," म्हणायच्या. यवतमाळात तेव्हा भारनियमन एवढं, की आमचे जिवाणू आज जगतील की मरतील याचा नेम नसे. मॅडमचा हात मात्र चुकला नाही.

आठ वर्षं त्या तासिका तत्त्वावर शिकवत होत्या, रोज दिग्रसहून एसटीनं येऊन. त्या वर्षी त्यांना कायम होण्याची आशा होती. कापसानं जिल्ह्याचं कंबरडं मोडलं होतं ते दिवस. दिवाळीनंतर वर्गातली दोन-तीन बाकं रिकामी व्हायची, आणि मॅडम त्या पोरींच्या घरी निरोप धाडायच्या, "वही मी पाठवतो, तू परीक्षेले ये."

मी एम.एस्सी.ला होते. वडील कचेरीत, घरात शुद्ध बोलायचा कटाक्ष, आणि माझे डोळे पुण्याकडे. मॅडमची वऱ्हाडी कानावर पडली की मला अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं. काय माज होता मला, आता सांगतानाही तोंड लपवावंसं वाटतं.

तो तास मला शब्दन् शब्द आठवतो. उष्णता वाढली की जिवाणूत काही जनुकं जागी होतात, आणि त्यांची प्रथिनं उष्णतेनं विस्कटलेल्या इतर प्रथिनांना सावरतात. पण जिवाणूत शिरलेल्या विषाणूला आपल्या डीएनएची नक्कल काढायलाही तीच लागतात, उष्णता नसताना सुद्धा. का?

"डीएनएची जोडदोरी उकलणारं प्रथिन म्हणजे नवरी समजा," मॅडम म्हणाल्या. "तिले जागेवर आणून बसवलं, पण आणणारा तिचा हातच सोडत नाही. मंग ती काम कशी करीन? हे उन्हातले प्रथिनं येतात, हात सोडवतात, अन् नवरी कामाले लागली का आपल्या घरी परत. पाठराखीण असते न, तशी."

वर्ग हसला. सगळ्यात मोठ्यानं मी.

"काहून वं, तुह्यासंगं नाही येणार का कोणी?" म्हणत त्याही हसल्या.

आठवड्याभरात मी प्राचार्यांना अर्ज लिहिला. मॅडम गावठी भाषेत शिकवतात, आमचं शैक्षणिक नुकसान होतं, त्यांचे तास दुसऱ्याला द्यावेत. अक्षर माझं, खाली सह्या साऱ्या वर्गाच्या. पुढच्या सोमवारी मॅडमनी माझी प्रयोगवही तपासून परत दिली. "अक्षर मोत्यासारखं हाये तुहं. फक्त 'शैक्षणिक'मधला 'णि' ऱ्हस्व असते, बाई." माझ्या वहीत तो शब्द कुठेच नव्हता. अर्जात होता, दीर्घ.

तरी मी अर्ज मागे घेतला नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं. पाठ केलेलं इंग्रजी सगळं उडालं. तोंडातून आली ती नवरी, तो धरलेला हात आणि पाठराखीण.

"वा, किती स्वच्छ सांगितलंत," परीक्षक म्हणाले. "कुणी शिकवलं?"

मॅडम माझ्या मागे काचपट्ट्या पुसत होत्या. प्राचार्य समोरच बसले होते, आणि त्यांनी अजून अर्जावर काही ठरवलं नव्हतं. एक नाव घेतलं असतं तर कदाचित त्यांचे तास वाचले असते. पण नाव घेतलं की अर्ज खोटा पडत होता, आणि अर्ज माझा होता.

"पुस्तकात वाचलं, सर," मी म्हणाले.

बाहेर मॅडम भेटल्या. "पुस्तकात आलं का ते? मंग बरं झालं. आता तरी लोक मानतीन." मी त्यांच्या आवाजात टोमणा शोधला, सापडला नाही.

जूनमध्ये त्यांचे तास दुसऱ्याला मिळाले. पुढे त्यांची गाठ पडली नाही.

आता मीही हा धडा शिकवते, पुण्यात. पाठराखीण म्हटलं की पोरं हसतात, मग वहीत उतरवून घेतात आणि विचारतात, हे कुठल्या पुस्तकात आहे? पुस्तकात नाही, मी म्हणते, आणि मॅडमचं नाव फळ्यावर लिहिते. ज्यांच्यासमोर ते घ्यायला हवं होतं, त्यांच्यातलं कोणी त्या वर्गात नसतं.