दांडीची सायकल
नव्या टायरच्या रबराचा वास आला की मला माजलगावातलं ते सायकलचं दुकान आठवतं. त्या वर्षी पाऊस नव्हता, ऊस जागच्या जागी वाळला, सहकारी कारखाना बंद पडला आणि तिथं कामाला असलेले वडील घरी बसले. तरी मला कॉलेजला जायला सायकल घ्यायचं ठरलं. मी लाल लेडीज सायकलची घंटी वाजवून बघत होते. "हिला दांडी न्हाई," वडील दुकानदार चाचांना म्हणाले, "पाण्याचे कॅन कुठं अडकवायचे?" "पण पोरगी तर कॉलेजला जाणार हाय ना?" चाचांनी विचारलं. वडील काळ्या जेन्ट्स सायकलच्या कॅरिअरवर दोन्ही हातांनी जोर देऊन बघत राहिले. तीच घेतली. आईनं सलवारीखाली घालायला जाड कापडाची चड्डी शिवून दिली, तरी लांबच्या विहिरीच्या खेपांनी मांड्या सोलून निघायच्या. कॉलेजच्या रस्त्याला ती सायकल कधी लागलीच नाही. परवा आम्ही लेकीला सायकल घ्यायला गेलो. ती सायकल चालवताना घालायची गादीवाली शॉर्ट्स घालून बघत होती, तोवर माझा हात आपसूक तिनं निवडलेल्या सायकलच्या मागं गेला आणि तिथंच चाचपडत राहिला. तिच्या सायकलला कॅरिअरच नव्हतं.