गढीच्या तळघरातल्या बाटल्या

ऐंशीच्या दशकात मी भोकरदन तालुक्यातल्या एका गावात इंग्रजी शिकवत होते. एके दिवशी गावच्या जहागीरदारांचा निरोप आला, "तळघरातल्या वाईनच्या बाटल्यांवरची लेबलं वाचून यादी करून द्याल का?"

शाळेतली बाई आणि दारूचं तळघर! मी कचरतच गढीवर गेले. जहागीरदार सत्तरीचे, चहासुद्धा बेताने घेणारे. निजामाच्या काळात त्यांच्या वडिलांनी हैदराबादेहून परदेशी वाईन आणून साठवली होती. यांनी ती कधी चाखली नाही, पण वडिलांची हौस म्हणून टाकूनही दिली नाही.

तळघर राखणारे म्हातारे मामा कंदील घेऊन पुढे झाले. "बाई, सावकाश उतरा. आत्ताच वाळूवर पाणी मारलंय." तळघर गार राहावं म्हणून उन्हाळाभर ते रोज दोनदा वाळू भिजवत. बूच सुकू नये म्हणून बाटल्या आडव्या निजवलेल्या.

मला फ्रेंच येत नव्हतं. अक्षर अक्षर लावून मी नावं उतरवून घेतली. त्यात तीन रविवार गेले.

"मामा, तुम्ही कधी चाखली?"

"न्हाई. मोठ्या सरकारांनी इचारलं, पितो का? मी न्हाई म्हणलो. मंग त्यांनी चावी माझ्या हातात दिली."

यादी हातात पडल्यावर जहागीरदार म्हणाले, "मामा, आज एक बाटली तुम्ही निवडा."

मामांनी विचार करून खालच्या फळीवरची एक काढली. बूच मोडून आत पडलं. मलमलीच्या फडक्यातून गाळून वाईन स्टीलच्या पेल्यांत ओतली. मामांनी घोट घेतला आणि डोळे मिटून बसले.

जहागीरदारांना राहवेना. "नासली का?"

"न्हाई सरकार. बराबर राह्यली."

जहागीरदारांचा चेहरा उजळला. त्यांनीही घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि खळखळून हसले. मीही ओठ लावले. जीभ आक्रसली, पण छातीत ऊब पसरली. घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "एकटीनेच?"

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मामा शाळेत हजर. "बाई, त्या बाटलीवरचं गाव कुठं आसंल?"

मी नकाशाचं पुस्तक उघडून फ्रान्समधल्या बोर्दोवर बोट ठेवलं. मामांनी चष्मा पुसून कितीतरी वेळ पाहिलं.

"नदी हाय की जवळ," ते समाधानाने म्हणाले.