रिकाम्या गाडीचं वजन

आमच्या सिमेंटच्या गोदामातल्या वजनकाट्यावर एकवीस वर्षं एकच माणूस बसला. सगळे त्यांना काटेमास्तर म्हणायचे. मी तिथला हमालांचा मुकादम. आमचं रोज वाजायचं, कारण नियमाच्या बाबतीत हा माणूस म्हणजे डोक्याला ताप.

नवा ड्रायव्हर आला की मास्तरांची शिकवणी सुरू. "नुसती गाडी, ते रिकामं वजन. त्यात डिझेल, स्टेपनी आणि तुझं पोटही आलं. वर चढवला तो माल. दोन्ही मिळून भरलेलं वजन. उतारावर ब्रेकला तेच आवरावं लागतं, कळलं का?"

आमच्याकडे गोण्या मोजून भरतात, त्यामुळे भरलेली गाडी पुन्हा काट्यावर नेत नाहीत. रिकामं वजन अधिक गोण्या, की झाली चिठ्ठी. म्हणून रिकामी गाडी दर खेपेला तोलायचीच, असा मास्तरांचा हट्ट. रांगेत अर्धा तास गेला तरी त्यांना सोयरसुतक नसे.

सूट होती फक्त एका गाडीला. ती त्यांच्या जावयाची. जावयाला रांगेत ताटकळत ठेवायचं कसं? मास्तर जुन्या चिठ्ठीवरचाच आकडा उतरवायचे, आठ हजार दोनशे किलो, आणि वर म्हणायचे, "जावईबापू घाईत आहेत." मग गाडी भरून झाली की दोघं काट्याच्या खोलीत चहा घेत गप्पा मारत बसायचे. मी चिडवलं की मास्तर चक्क लाजायचे.

गेल्या वर्षी जावयाने गाडीचा लाकडी हौदा काढून जाडजूड लोखंडी बसवला. मास्तरांनी त्यावर हात फिरवून कौतुकही केलं. आकडा मात्र तोच राहिला.

मग एका दुपारी उतारावर ब्रेक लागेनात आणि ती गाडी वळणावरून खाली गेली. जावई जागीच गेला.

चौकशीला साहेब आले. चिठ्ठीवर भरलेलं वजन पंचवीस टन, परवानगीही पंचवीस टनांचीच. "वजन बरोबर आहे. ड्रायव्हरनेच बेफाम हाकली," साहेबांनी सांगून टाकलं. मी मास्तरांना बाजूला घेतलं. "मास्तर, गेलेला माणूस काही परत येत नाही. नोकरी जाईल, लेकही तुटेल. गप्प बसा." आज मला त्या बोलण्याची लाज वाटते.

मास्तर साहेबांकडे वळले. "गाडीचा सांगाडा काट्यावर आणा. तुटलेले तुकडेसुद्धा."

दुसऱ्या दिवशी क्रेनने सांगाडा काट्यावर ठेवला. नवऱ्याचं केबिनमधलं सामान न्यायला लेकही आली होती. आकडा आला दहा हजार तीनशे पन्नास. मास्तरांनी तो लिहून खाली सही केली. "चूक माझी आहे. ते बेफाम चालवत नव्हते."

लेकीने चिठ्ठी वाचली. "बाबा, ह्यांची गाडी तुम्ही तोललीच नव्हती?"

"घाईत असायचे गं ते."

"घाईत? मग तुमच्याबरोबर चहाला कसे बसायचे?"

ती सामानाची पिशवी उचलून निघून गेली. त्यानंतर तिने माहेरचा उंबरा ओलांडलेला नाही.

मी तिथेच उभा राहून हिशेब केला. दोन हजार एकशे पन्नास किलो जास्त, म्हणजे पन्नास किलोच्या त्रेचाळीस गोण्या. त्या दोघांचा चहा संपायच्या आत माझ्या माणसांनी त्या उतरवून ठेवल्या असत्या.