कोमळापाट्टीचं कोरं दार

कुंभकोणमच्या त्या गल्लीत एखाद्या दिवशी कोंबडा आरवायचा राहील, पण कोमळापाट्टीच्या दारात कोलमची रांगोळी पडली नाही असं कधी झालं नव्हतं. झाडून शेणपाणी शिंपडायचं काम सुनेचं, तिलकवतीचं. तांदळाचं पीठ चिमटीत धरायचं ते मात्र म्हातारीनंच. लग्नाच्या वर्षी सुनेनं एकदाच ठिपके मांडले होते. "हे कोलम आहे की गुंतलेला सुंभ?" असं सासूनं भर गल्लीत फटकारलं, तेव्हापासून बिचारीनं पिठाला हात लावला नव्हता. बाजारातली दगडाची भुकटी तर पाट्टीच्या डोक्यातच जायची. "मुंग्यांनी काय दगड खायचे?"

आणि ही बया न्हाणीत घसरली! उजवं मनगट मोडलं. संध्याकाळी रिक्षात घालून दवाखान्यात नेली, प्लास्टर घालून उशिरा घरी आणली.

सकाळी तिलकवतीनं सासूला भीतभीत विचारलं, "अत्तै, आज मी काढू?"

"माझ्या दारात वाकड्या रेघा? त्यापेक्षा दार कोरं राहू दे!" म्हणून पाट्टी भिंतीकडे तोंड करून झोपली.

आता तिकडं दार कोरं राहतं ते घरात कुणी गेलं तरच. रागाच्या भरात हे तिच्या ध्यानातच आलं नाही. शेजारच्या दैवसिगामणीनं तिला रिक्षात घालताना पाहिलं होतं, सकाळी कोरं दार पाहिलं, आणि सायकलवरून थेट हारच घेऊन आला. मागोमाग बायका.

"कोलमवरून सायकल नेली की माझा उद्धार करायची हो! आता मला शिव्या कोण देणार?" ओट्यावर बसून तो हमसून हमसून रडायला लागला.

"हातात देवी होती," एक बाई म्हणाली.

"तोंडात मात्र..." दुसरी पुटपुटली.

"तोंडात काय गं? बोल ना!" पाट्टी दारात उभी.

बायका किंचाळल्या, दैवसिगामणीच्या हातून हार पडला. मग जो हशा पिकला, तो थांबता थांबेना. पाट्टीही हसली, पण कोऱ्या जमिनीवर नजर गेली नि तिच्या मनात आलं, खरंच गेले, तर तेरावं उरकल्यावरही हे दार असंच राहणार. आणि हे आपणच करून ठेवलंय.

"तिलका, पीठ आण."

सुनेनं ठिपके मांडून रेघ ओढायला घेतली. तिसऱ्याच वळणावर रेघ भलतीकडे गेली. "चुकलं, अत्तै." पाट्टीनं ओठ घट्ट दाबून धरले. तेवढ्यात पायरीखालून मुंग्यांची रांग आली आणि वाकड्या रेघेवरच तुटून पडली.

"त्यांना चालतंय," पाट्टी म्हणाली, "मग मी कोण?"

दैवसिगामणीनं गुपचूप सायकल खांद्यावर घेतली आणि कोलमला वळसा घालून निघाला.

"हार घेऊन जा तुझा!" पाट्टी ओरडली. मग सुनेकडे न बघताच म्हणाली, "उद्या ठिपक्यांची एक ओळ वाढव."