होडी वाढवली

आमच्या गावाच्या घाटाला सगळे बंदर म्हणतात. समुद्र इथून कितीतरी लांब, डोंगराचे घाट उतरून, आणि हे कर्जत तालुक्याच्या टोकाचं, भीमेकाठचं गाव. पलीकडचा काठ पुणे जिल्ह्याचा. लग्न होऊन आले तेव्हा मलाही हसू आलं होतं. पण वैशाखात उजनी धरणाचं पाणी मागं सरलं की जुन्या घाटाच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात, चिखलात रुंद विटा आणि मातीचे मणी सापडतात. एकदा कुठल्याशा कॉलेजातले लोक येऊन बघून गेले. म्हणाले, दीड-दोन हजार वर्षांपूर्वी इथं धान्याच्या नावा लागत असतील. गावाला त्याचं नवल वाटलं नाही. बंदर म्हटल्यावर नावा लागणारच.

त्या बंदरावर होडी वल्हवायची ती कडूबाई. तिच्या आधीच्या दोघी बहिणी पाळण्यातच गेल्या, म्हणून हिचं नाव कडू ठेवलं, यमाला गोडी वाटू नये म्हणून. नवरा श्रीमंत, तोही नावापुरताच, काविळीनं गेला. दिवसकार्य झालं आणि तिनं त्याचं वल्हं उचललं. बाईनं होडी चालवावी का, यावर पारावर बरेच दिवस काथ्याकूट झाला. मग काथ्याकूट करणाऱ्यांनाच पलीकडे बाजाराला जायचं होतं, तेव्हा तो थांबला.

माझ्या परसातून बंदर दिसतं. नवरी, बाळंतीण, शेळ्या, दुधाच्या किटल्या, सगळं तिच्या होडीतून जाताना मी पाहिलंय. वल्हं मारताना ती पाण्याकडे बघायची नाही, माणसांच्या पायांकडे बघायची. कोण घाबरलंय ते पायांवरून कळतं, म्हणायची. एकदा एका पाहुण्यानं चेष्टेनं विचारलं, मावशी, बंदर आहे तर जहाज कुठंय? ती म्हणाली, “दुबईला गेलंय. येईस्तवर हिच्यात बसा.”

दिवस मावळला की होडी खुंट्याला बांधून, दोन्ही वल्ही खांद्यावर टाकून ती वर यायची. कुणी विचारलं, काकू, होडी हाय का, तर म्हणायची, “वाढवली.” आपण दिवा वाढवतो, वाणी दुकान वाढवतो, तसंच. पाण्याच्या तोंडावर होडी बंद म्हणायचं नाही, अशी तिच्या सासूची शिकवण. नदी ऐकते आणि खरं करते. गावातही कुणी म्हणत नसे.

मग थंडीत रोहित पक्षी बघायला शहरातल्या मोटारी येऊ लागल्या. तिच्या थोरल्या दिराचा मुलगा रामहरी यानं मोटरची लाँच आणली, वर छप्पर, बसायला गाद्या. लहानपणी हाच रामहरी पलीकडच्या शाळेला काकूच्या होडीतून जायचा. बंदर एकाच नावेला द्यायचं असं वरून ठरलं. नियम साधा होता: जुनी होडी चालू असेल तर पहिला हक्क तिचा, ती बंद असेल तरच लाँचला. रामहरी घरोघर फिरला. लाँच झाली तर पोरी कॉलेजला वेळेवर पोचतील, आजारी माणूस उन्हात तळणार नाही, हे त्यानं सगळ्यांना पटवलं. त्यात खोटं काही नव्हतं.

चौकशीला साहेब सकाळी यायचे होते. रामहरीनं त्यांना आधी पक्षी दाखवले, मग माशाचं जेवण घातलं. साहेब पारावर आले तेव्हा दिवस बुडाला होता आणि कडूबाई वल्ही घेऊन वर येत होती. मी त्या दिवशी कर्जतला होते. पुढचं मला माझ्या जावेनं, सत्यशीलानं सांगितलं.

साहेबांनी तिला थांबवून नीट, सावकाश विचारलं, “मावशी, एका शब्दात सांगा. होडी चालू आहे की बंद?”

“वाढवली,” कडूबाई म्हणाली.

“वाढवली म्हणजे? एकीच्या दोन केल्या?”

लोक हसले. रामहरी पुढे झाला. “तसं न्हाई साहेब. आमच्याकडं बंद म्हनत न्हाईत, वाढवली म्हनत्यात.”

शब्दाला शब्द खरा होता. उद्या सकाळपर्यंत, एवढंच त्यानं गाळलं होतं, आणि ते पारावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. वल्ह्यांतून अजून पाणी ठिबकत होतं. सरपंच वैजनाथरावांनी घसा खाकरला आणि तेवढंच केलं. सत्यशीलानं पदर सारखा केला.

“म्हणजे बंदच ना?” साहेबांनी पुन्हा विचारलं.

“तो शब्द काढू नका साहेब,” असं म्हणून कडूबाई चूल पेटवायला घरी गेली. साहेबांना वाटलं, बाईच्या जिवाला लागलंय. ते हळहळलेसुद्धा.

काही दिवसांनी पायऱ्यांवर साखळी आली, ‘प्राचीन बंदर’ असा फलक आला. सकाळी कडूबाई वल्ही घेऊन उतरली तर रामहरी आडवा उभा. त्यानं सगळं सांगितलं, अगदी समजुतीनं.

“तुमीच बोलल्या की साहेबाम्होरं. मी एक शब्द इकडचा तिकडं केला न्हाई, काकू.”

“न्हाई केलास. खरं हाय.”

“तुमी लाँचवर कवाबी बसा. तुमाला तिकीट न्हाई.”

तिनं त्याच्या पायांकडे बघितलं. मग त्याला वळसा घालून ती पाण्यापर्यंत गेली आणि भीमेकडे तोंड करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “बंद. होडी बंद झाली.”

बायांनी तोंडावर हात ठेवले. दुधाच्या किटल्या घेऊन आलेले मुकाट माघारी वळले. रामहरीनं त्या दिवशी लाँच काढली नाही. इंजिन कुरकुर करतंय म्हणाला. दुपारी कडूबाईच्या घरातून ओल्या लाकडाचा धूर निघत होता. वल्ही पाणी प्यालेली होती, जळायला वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी रामहरीनं पाण्यात नारळ सोडला आणि लाँच सुरू झाली. पहिल्याच फेरीला उभं राहायला जागा नव्हती.

आता संध्याकाळी कुणी हाक मारली, लाँच हाय का रं, तर रामहरी वर चढता चढता सांगतो, “वाढवली.” आणि सगळ्यांना बरोबर समजतं, उद्या सकाळपर्यंत.