खारीच्या सुतकात धुतलेले ब्रश

माझे यजमान दिवसा सुताच्या गिरणीत असत. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे नाटकांची जत्रा, भरू लागली की नाटकवाल्यांचे चेहरे रंगवायला जात. ही एकाहत्तर-बहात्तरच्या सुमाराची गोष्ट. त्यांच्या पेटीत चार ब्रश होते. पावडरीला दाढीचा जुना, रंगाला दोन जाडे आणि भुवया काढायला एक बारीक, खारीच्या केसांचा. तो सीताबर्डीच्या एका दुकानातून आणलेला. चारही धुवायचं काम माझं.

त्याला खर्च नव्हता. आधी ब्रशाला थोडं खोबरेल चोळायचं, म्हणजे मेणचट रंग सुटतो. मग रिठ्याच्या कोमट पाण्यात नुसते केस बोटांनी खळबळायचे. दांड्याच्या तोंडाशी पाणी गेलं की आतला सरस सुटतो आणि केस नटाच्या गालाला चिकटून राहतात. शेवटी जुन्या बनियनवर आडवे वाळत घालायचे. वाळायला एक दिवस जातो.

त्या वर्षी नाटकात राणीचं काम एक गडी करत होता. त्याच्या गालांवर पुरळ उठलं. तो म्हणाला, ब्रश घाण आहेत. मंगळवारी खाप्याला प्रयोग आहे, तिथे ब्रश स्वच्छ दिसले नाहीत तर मी दुसरा माणूस आणतो. नाटक त्याच्या जोरावर चालत होतं, तेव्हा त्याने आणला असताच. यजमानांचा अख्खा हंगाम गेला असता. त्या हंगामाच्या जोरावर आम्ही घरावर कौलं चढवणार होतो.

यजमान रात्रीचा प्रयोग आटोपून सोमवारी सकाळी घरी आले; गिरणीला त्या दिवशी खाडा केला. धुवायला तोच एक दिवस. मी रिठ्याचं पाणी केलं. सासू दाराशी शेंगा सोलत बसली होती.

"काय करून राहिली वं?"

"ब्रश धुवून राहिली, आत्याबाई."

"आज सोमवार होय. सोमवारी बाईनं केस धुतले तर भावाले जड जाते."

"माझे केस नाई धुवून राहिली."

"केस ते केस."

यजमान मध्ये पडले. "माय, तो ब्रश. म्हंजे गडी. गड्याले काय सोमवार?"

हे तिला पटलं. दाढीचा ब्रश तर उघडच गड्याचा होता. मग तिने बारीक ब्रश उचलला.

"हे कोणाचे केस होय?"

"खारीचे," यजमान बोलून गेले.

"ती खार. म्हंजे बाई झाली."

"खारीले कुठला भाऊ, माय?"

"तुले काय माहीत? एका वेताले चार-चार पिल्लं होतात. एखादा तरी भाऊ असंनच."

मला कंटाळा आला. पाणी थंड होत होतं. मी म्हटलं, ती खार मरून कितीक वर्षं झाली असतील.

सासूचा हात थांबला. "मेली?"

"जित्या खारीचे केस कोण काढू देईन?"

"मंग हे अगोदर काहून नाई सांगितलं? मेल्याचं न्हाणं कोणत्याही वारी चालते. न्हावंच लागते."

मी ब्रश पाण्यात घातले. एवढ्यात यजमानांचं तोंड उतरलं. प्रयोगाआधी रंगाची पेटी उघडून नारळ तेच फोडत, आणि सुतकात नारळ फोडता येत नाही. त्यांनी आईला विचारलं, सुतक किती दिवसांचं?

तिने बराच विचार केला. "आपल्या भावकीतली नाई ती. दूरचं सुतक. आयकल्याबरोबर डोक्यावरून पाणी घेतलं की सुटलं."

"आयकलं कोणी?"

"आपण तिघांनी."

मग तिघांनीही डोक्यावरून आंघोळ केली. यजमानांची त्या दिवशीची दुसरी. माझ्या भावाचं काय, असं मी विचारलं, तर सासू म्हणाली, सुतकात भाऊ पाहत नाहीत. आमचे ओले केस पाहून शेजारीण भिंतीवरून म्हणाली, "कोण गेलं वं?"

"तुमच्या ओळखीची नाई," सासू म्हणाली.

दुपारी शेजारणीने रीतीप्रमाणे भाकरी आणि पिठलं पाठवलं. आम्ही खाल्लं.

पुढचं यजमानांनी येऊन सांगितलं. खाप्याला राणीने एकेक ब्रश उजेडात धरून पाहिला, हुंगला आणि हा वास कशाचा म्हणून विचारलं. रिठ्याचा, असं सांगून गप्प बसायचं, तर यजमानांनी सगळी हकीकत सांगितली. त्यांना वाटलं, तो हसेल. तो हसला नाही.

"आयकलं म्हंजे मलेही लागलं," तो म्हणाला आणि उठून थेट कन्हान नदीवर गेला. बुडी मारली, वाळूने तोंड घासलं, कुडकुडत परत आला. एरवी प्रयोग संपला की तो धोतराच्या सोग्याने रंग पुसायचा आणि तसाच झोपायचा. त्या हंगामात त्याचं तोंड पहिल्यांदाच नीट धुतलं गेलं होतं.

आठवड्याभरात पुरळ गेलं. त्याने सगळीकडे आमच्या ब्रशांचं नाव केलं. काम राहिलं, कौलं चढली. दर प्रयोगाआधी तो त्या खारीच्या नावाने आंघोळ करी. दूरचं सुतक एकदाच पाळायचं असतं, हे आम्ही कोणी त्याला सांगितलं नाही.